छप्पर रेल्वेचं, सभा कामगारांची

तुमसर रोड हे स्टेशन तुमसरात नाही, देव्हाडीत आहे. भंडारा रोड भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथे नाही, उतरून पुढे रस्त्याने जायचंय. भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही. माझा पुण्यातला रूममेट पहिल्यांदा आमच्याकडे आला, तेव्हा मात्र तो भल्या पहाटे तुमसर रोडला उतरून फोनच्या नकाशात गाव शोधत बसला होता.

रेल्वेने गावं अशी बाजूला टाकली, त्यातून एक वेगळंच प्रकरण तयार झालं. रुळांच्या कडेला, मूळ गावापासून लांब, फक्त रेल्वेच्या कामासाठी वस्त्या उभ्या राहिल्या. तिथलं क्वार्टर रेल्वेचं, नळ रेल्वेचा, दिवा रेल्वेचा. मोठं जंक्शन असेल तर दवाखाना, शाळा आणि संध्याकाळी बसायचा हॉलही रेल्वेचाच. मालक आणि घरमालक एकच. आता अशा ठिकाणी कामगारांना मालकाविरुद्ध चार शब्द बोलायला जमायचं असेल, तर त्यांनी जमायचं कुठे?

कामगार चळवळीबद्दल मी जे काही वाचलं त्यात नेते होते, संप होते, लाठीमार होते. जागेबद्दल फार कमी होतं. सभा झाली असं लिहिलेलं असतं. ती कुठे झाली, ती जागा कोणाची होती, तिथे कोणाला आत येता येत होतं आणि कोण दाराबाहेर राहिलं, हे शोधावं लागतं. माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि कीमन म्हणून रिटायर झाले. त्यांच्या बोलण्यातून मला हा प्रश्न पहिल्यांदा सापडला. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं, असं दोन्ही मिळून हे लिहितोय.

आधी थोडं रुळांबद्दल. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, मुंबईहून नागपूरला पोचली आणि तिथेच थांबली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून पूर्वेकडे, भंडारा जिल्ह्यातून छत्तीसगडच्या धान्याच्या प्रदेशाकडे मीटर गेजची लाइन गेली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी निघाली. तिने ती लाइन ताब्यात घेतली, रुंद केली आणि पुढे बंगालकडे नेली. आज आपण ज्याला मुंबई-हावडा मार्ग म्हणतो, त्यातला आमच्याकडचा तुकडा तो हाच. १८९६ पासून मँगनीजचा शोध घेणारी ब्रिटिश कंपनी या भागात आली, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे खाणी चालू झाल्या आणि तुमसर रोडहून तिरोडीकडे फाटा निघाला. त्या कंपनीच्या खाणी १९६२ मध्ये 'मॉइल'कडे आल्या आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी पूड असते ती मँगनीज डायऑक्साइडची, आणि डोंगरी बुजुर्ग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण तो वेगळा विषय आहे, कधीतरी त्यावर लिहीन.

या सगळ्या कामाला माणसं लागली. बंगाल नागपूर रेल्वेत तेलुगू माणसं खूप होती, बंगाली बाबू होते, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड होते, छत्तीसगडी आणि ओडिया मजूर होते आणि आमच्याकडचे झाडीपट्टीतले लोक होते. भाषा वेगळ्या, जाती वेगळ्या, पगार वेगळे. एका छपराखाली ही माणसं फक्त पगाराच्या दिवशी यायची.

*

कंपन्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. रेल्वे कॉलन्यांमध्ये 'इन्स्टिट्यूट' नावाची इमारत बांधायची पद्धत पडली. नाव भारदस्त असलं तरी तिथे शिकवत काही नसत. तो क्लब होता. एक मोठा हॉल, लाकडी स्टेज, बिलियर्ड्सचं टेबल, वाचनालय, कधी नाटक, कधी सिनेमा. आबाजी त्याला 'इन्स्टूट' म्हणायचे आणि मला बरेच दिवस ते एखाद्या माणसाचं नाव वाटायचं.

मोठ्या कॉलन्यांमध्ये इन्स्टिट्यूट एक नसायची, दोन असायच्या. एक युरोपियन इन्स्टिट्यूट, तिथे युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. दुसरी इंडियन इन्स्टिट्यूट, तिथे कारकून, स्टेशन मास्तर, वर्कशॉपमधले वरच्या दर्जाचे लोक. बंगाल नागपूर रेल्वेचं मोठं वर्कशॉप असलेल्या खडगपूरमध्ये अशा दोन्ही होत्या. आता या दोन्हींत गँगमन कुठे बसतो? कुठेच नाही. त्याला कोणी लेखी मनाई करायची गरजही नव्हती. तो लाइनवर पाच-सात मैल लांब राहत होता आणि त्याच्याकडे हॉलमध्ये घालायचे कपडे नव्हते.

या हॉलच्या पैशांची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटली. रेल्वे कामगारांना दंड करत असे. उशीर झाला, दंड. सामान हरवलं, दंड. हा दंड पगारातून कापला जाई आणि त्याचा 'फाइन फंड' बने. त्या फंडातून कर्मचाऱ्यांच्या 'कल्याणाची' कामं होत. १९३१ मध्ये त्याची जागा स्टाफ बेनिफिट फंडाने घेतली, त्यातही दंडाची रक्कम जमा होत राहिली. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने दंडावर मर्यादा आणली, पगाराच्या दर रुपयामागे अर्धा आणा, आणि दंडाचा पैसा कामगारांच्या हितासाठीच वापरायचा असं बंधन घातलं. म्हणजे एकाने उशीर केला, त्याचा अर्धा आणा कापला, आणि त्यातून करमणुकीच्या खोलीत कॅरमची सोंगटी आली. ही व्यवस्था ज्याने शोधून काढली त्याला मानलं पाहिजे.

अशा हॉलमध्ये युनियनची सभा होऊ शकते का? कधी कधी होतही असे. इन्स्टिट्यूटची कमिटी सभासद निवडून देतात आणि तिच्या निवडणुकीत युनियनची पॅनेलं उतरतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅरम आणि वाचनालयासाठी एवढी भांडणं कशाला? पण हॉलची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न त्यात असतो. तरी इमारत प्रशासनाची, परवानगी प्रशासनाची. सभा कशासाठी आहे हे आधी सांगायचं, आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्यालाच सांगायचं.

*

इन्स्टिट्यूट नव्हत्या त्या कामगारांनी काय केलं? त्यांनी मैदानं घेतली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा परळला भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्यात दोन बायकांनी भाषणं केली. त्याच वर्षी १० जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. तुमचा-माझा वीकेंड त्या मैदानावरून निघालेला आहे. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान का? कारण दहा हजार माणसांना बसायला देईल असं गिरणी कामगारांचं स्वतःचं काहीच नव्हतं.

३१ ऑक्टोबर १९२० ला ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली ती मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये. अध्यक्ष लाला लजपत राय. देशातल्या कामगारांची पहिली मध्यवर्ती संघटना नाटकाच्या थिएटरात जन्मली, हे वाचून मला बरं वाटलं. भाड्याची जागा, पण निदान मालकाची नाही.

तोपर्यंत युनियन ही गोष्टच कायद्याच्या दृष्टीने अधांतरी होती. मद्रासला १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन काढली. तिथल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या वादात कंपनी कोर्टात गेली आणि कामगारांना काम सोडायला भाग पाडलं म्हणून वाडियांवर मनाईहुकूम आला. त्यानंतर ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात युनियनला संरक्षण देणारा कायदा हवा असा ठराव आणला आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. त्या कायद्यात एक छोटी अट होती, ती मी दोनदा वाचली. नोंदणीच्या अर्जावर सात जणांच्या सह्या लागत आणि युनियनच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता लागे. हॉल नसला तरी चालेल, पण पत्ता पाहिजे. सरकारी पत्र येईल ते त्या पत्त्यावर.

आता रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या सात माणसांनी कुठला पत्ता द्यायचा? क्वार्टरचा दिला तर क्वार्टर रेल्वेचं. म्हणून अशा गावांमध्ये युनियनचा बोर्ड सहसा स्टेशनबाहेरच्या बाजारात दिसतो. एखाद्या किराणा दुकानाच्या माडीवर, सायकलच्या दुकानाशेजारच्या खोलीत, कोणा वकिलाच्या ओसरीवर. मान्यताप्राप्त युनियनना रेल्वे कार्यालयासाठी जागा देते. मान्यता नसेल तर बाजारातली खोली.

*

बंगाल नागपूर रेल्वेवरची पहिली मोठी युनियन व्ही. व्ही. गिरी यांच्या नावाशी जोडलेली आहे, तेच गिरी जे पुढे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाले. १९२७ मध्ये खडगपूरला मोठा संप झाला आणि त्याच वर्षी वर्कशॉपमधल्या नोकरकपातीवरून पुन्हा टाळेबंदी. दोन वर्षांनी, १९२९ च्या अखेरीस, नागपूरला आयटकचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही यावरून तिथे फूट पडली. ना. म. जोशी, गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळी फेडरेशन केली. तुमसर रोडहून नागपूर पॅसेंजरनेही काही तासांचं अंतर. आमच्याकडचे किती लोक तिथे गेले असतील, किती जणांना त्या फुटीचा अर्थ लागला असेल, असं मला नेहमी वाटतं. युनियन फुटली की गावातल्या बाजारात एका बोर्डाचे दोन बोर्ड होतात, एवढं मात्र नक्की.

पण मला ज्या सभेजवळ थांबायचंय ती नागपूरची नाही. ती मनमाडची आहे.

मनमाड नाशिक जिल्ह्यातलं जंक्शन. जीआयपीचं मोठं ठाणं, पुलांचे गर्डर तयार करणारं वर्कशॉप. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हजारो माणसं आली. या परिषदेतलं एक वाक्य सगळ्यांना माहीत असतं, कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, या आशयाचं. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, ती सगळ्या वर्गांत असते, असंही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं होतं. पोस्टरवर पहिला भाग येतो, दुसरा येत नाही.

मला मात्र त्या भाषणातला सगळ्यात धारदार भाग वेगळा वाटतो. बाबासाहेब तिथे रेल्वेच्या नोकऱ्यांचा हिशोब मांडतात. अस्पृश्य माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन म्हणून, आणि वर्षानुवर्षं गँगमनच राहतो. पोर्टरची जागा, जी तशी हमालीचीच, तीही त्याला मिळत नाही. का? कारण स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो. घरात पाणी भरायला, भांड्यांना हात लावायला लागणार, मग अस्पृश्य कसा चालेल? वर्कशॉपमध्ये तो खलाशी असतो, मेकॅनिक होत नाही. कारकुनीत तर जवळजवळ नाहीच. इथे नियम कुठेही लिहिलेला नाही. घरातली शिवाशीव सरळ नोकरीच्या यादीत उतरलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांत हेच विणकाम खात्यात होतं. धाग्याला तोंड लागतं म्हणून दलित कामगाराला तिथे घेत नसत, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता.

त्या काळात त्यांच्यावर टीका होत होती की ते कामगारांत फूट पाडतायत. त्यांचं उत्तर सरळ होतं. फूट आधीपासूनच आहे. एक कामगार दुसऱ्या कामगाराला ज्या हक्कांपासून दूर ठेवतो त्याबद्दल युनियन बोलत नाही, तर मग ती एकी कसली? आज ऑफिसच्या ग्रुपवर कोणी अवघड विषय काढला की "इथे नको" असं म्हणणारे असतात, तेव्हा मला हे आठवतं.

जागेच्या अंगाने पाहिलं तर मनमाडची परिषद मला वेगळी दिसते. जो माणूस युरोपियन इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ शकत नव्हता, इंडियन इन्स्टिट्यूटमध्येही ज्याच्यासाठी खुर्ची नव्हती, स्टेशन मास्तरच्या घरातही ज्याला उंबरठा ओलांडता येत नव्हता, तो दोन दिवस एका जंक्शनच्या गावात जमला होता. आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला माणूस त्याच्या रोजच्या कामाचा तपशील त्याच्यापेक्षा बारकाईने सांगत होता.

भंडाऱ्याशी या गोष्टीचा एक धागा आहे. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. हे मेहता १९४८ मध्ये स्थापन झालेल्या हिंद मजदूर सभेचे पहिले सरचिटणीस, आणि त्या संघटनेचे पहिले अध्यक्ष नागपूरचे आर. एस. रुईकर. एका छोट्या जिल्ह्याच्या एका पोटनिवडणुकीत देशाच्या कामगार राजकारणातली एवढी मोठी नावं येऊन गेली, आणि शाळेत आम्हाला भंडाऱ्याबद्दल तांदूळ, तलाव आणि पितळेची भांडी एवढंच सांगितलं.

*

आबाजी नोकरीला लागले तेव्हा बंगाल नागपूर रेल्वे हे नाव जाऊन साउथ ईस्टर्न रेल्वे झालं होतं. जुनी माणसं तरी 'बीएनआर'च म्हणायची. आता आमचा भाग २००३ पासून बिलासपूरच्या झोनमध्ये आहे.

गँगमनचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाइनचे तुकडे पाडलेले असतात, एकेका तुकड्याला एक गँग. रुळाखालची खडी सारखी करायची, स्लीपर बदलायचे, उन्हाळ्यात रूळ फुगतो तिकडे लक्ष ठेवायचं, पावसात भराव खचतो तिकडे. कीमन रोज आपला तुकडा चालत पाहतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी, पिशवीत धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. एका रुळाने जायचं, दुसऱ्याने परत यायचं. सैल झालेली की ठोकून बसवायची. आबाजींनी आयुष्यात किती हजार किलोमीटर चालले असतील याचा हिशोब मी एकदा एक्सेलमध्ये मांडला होता. त्यांना दाखवल्यावर म्हणाले, "हे मोजून का भेटते रे बाबू?"

मी त्यांना विचारलं होतं, युनियनची मीटिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्हायची का? ते हसले. "तिथं बाबू लोक जायचे. आमी गँगवाले तं लाइनीवरच. युनियनवाला पॅसेंजरनं यायचा, ठेसनावर पर्चे द्यायचा आन् त्याच गाडीनं पुढं जायचा." मग मोठी मीटिंग? "हद्दीच्या दगडापलीकडं."

हा दगड म्हणजे रेल्वेच्या जमिनीची सीमा दाखवणारा खांब. त्याच्या अलीकडे रेल्वे, पलीकडे कोणा शेतकऱ्याचा बांध. गँगच्या चाळीपासून पन्नास पावलांवर. तिथे मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून पाच-पंचवीस माणसं बसायची, कंदील असायचा. अलीकडे बसलं तर साहेबाची परवानगी लागते, पलीकडे बसलं तर शेतकऱ्याची, आणि शेतकरी कोणाचा तरी नातेवाईकच असायचा. पगार वाटायला माणूस यायचा त्या दिवशी वर्गणी गोळा व्हायची. त्यांच्या मते युनियनचं खरं काम दोनच गोष्टींचं होतं. गँगच्या चाळीत पाणी, आणि एवजी म्हणून वर्षानुवर्षं राबणाऱ्याला कायम करणं. भाषणं त्यांना आठवत नव्हती. पाण्याची टाकी कुठल्या वर्षी आली ते आठवत होतं.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि दहा तासांच्या ड्युटीची मागणी सरकारने मान्य केली. त्याआधी गाडी पोचेपर्यंत ड्युटी, मग ते चौदा तास असोत की जास्त. रेल्वेच्या नियमांत काही कामं मुळात खंडित स्वरूपाची मानली जातात, फाटकावरच्या गेटमनचं काम त्यातलं. गाडी अधूनमधून येते म्हणून काम अधूनमधून, आणि म्हणून ड्युटी बारा तासांची. वाट पाहणं हे काम नाही असं ठरवणारा माणूस फाटकावर कधी बसला नसणार.

पुढच्याच वर्षी ८ मे १९७४ ला देशभराचा संप सुरू झाला. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस. मागण्या होत्या बोनस, आठ तासांचा दिवस, सार्वजनिक क्षेत्रातल्या कामगारांइतका पगार. फर्नांडिसांना २ मेलाच अटक झाली होती. सतरा लाखांच्या आसपास कामगारांचा हा संप २७ मेपर्यंत चालला. मधेच १८ मेला पोखरणची अणुचाचणी झाली आणि वर्तमानपत्रांचं पहिलं पान तिकडे गेलं.

हा संप मोडताना काय वापरलं गेलं? हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, टेरिटोरियल आर्मी आणली गेली. पण कुटुंबांवर सगळ्यात आधी आघात झाला तो छपराचा. अनेक रेल्वे कॉलन्यांमध्ये संपावर गेलेल्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढलं गेलं. वीज आणि पाणी तोडलं गेलं. मे महिना होता. विदर्भातला मे महिना काय असतो हे वेगळं सांगायला नको. ज्या सोयींना इतकी वर्षं कल्याण म्हटलं जात होतं, त्यांचाच वापर झाला. गिरणी कामगाराची खोली चाळमालकाची असायची, संपात तो भाडं थकवू शकत होता. रेल्वेवाल्याला ती मुभाही नव्हती.

आबाजी या वीस दिवसांबद्दल फार बोलत नसत. एकच सांगायचे, की तिरोडीच्या फाट्यावर रुळाचा चकाका गेला होता. रोज गाडी जाते तेव्हा रूळ वरून आरशासारखा असतो. गाडी थांबली की चार दिवसांत त्यावर तांबूस थर धरतो. कीमनच्या डोळ्याला ते आधी दिसतं.

संप विनाअट मागे घ्यावा लागला. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि रेल्वेमंत्री झाले मधू दंडवते. त्यांनी संपात काढून टाकलेल्यांना परत कामावर घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचाचा फोम आला तोही त्यांच्याच काळात, त्यामुळे तुम्ही स्लीपरने प्रवास करत असाल तर त्यांना रोज भेटता. रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस १९७९ मध्ये मिळाला. तो आजही दिवाळीच्या आधी जाहीर होतो आणि बातमीत 'भेट' असा शब्द असतो.

*

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडवर काम करतो. आमच्याकडेही इन्स्टिट्यूट आहे. कॅफेटेरियात फूसबॉलचं टेबल आहे, वाचायचा कोपरा आहे, शुक्रवारी सिनेमा असतो. आणि बोलायला स्लॅक आहे. मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या चौघांना एका सकाळी अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलवर काढलं. कॉल संपायच्या आत त्यांची अकाउंटं बंद झाली होती. आम्हाला जे बोलायचं होतं ते त्याच स्लॅकवर, कंपनीच्या सर्व्हरवर, कंपनीच्या ॲडमिनला दिसेल असं बोलायचं होतं. कोणी काही लिहिलं नाही. एकाने फक्त फुलाचा इमोजी टाकला. त्या चौघांपैकी दोघांचे पर्सनल नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. तीन वर्षं रोज बोललो होतो, पण हद्दीच्या दगडाच्या अलीकडेच.

रेल्वेत परिस्थिती निदान कागदावर बरी आहे. कुठल्या युनियनला मान्यता द्यायची हे कर्मचारी गुप्त मतदानाने ठरवतात. असं मतदान २००७ ला झालं, २०१३ ला झालं आणि मग थेट डिसेंबर २०२४ ला. पण रुळावर आज बरीच कामं ठेकेदाराची माणसं करतात. नारिंगी जॅकेट तेच, खडी तीच. त्यांना या मतदानात मत नाही.

माझा मामेभाऊ ट्रॅक मेंटेनर आहे. गँगमनचं नाव आता ते आहे. त्याच्या फोनमध्ये कामाचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. एकात साहेब आहेत, तिथे सकाळी हजेरीचा आणि कामाचा फोटो टाकायचा असतो. दुसऱ्यात साहेब नाहीत. ठेकेदाराकडच्या दोघा-तिघांनाही त्यात घेतलंय, कारण गाडी येताना रुळावरून सगळ्यांनाच बाजूला व्हावं लागतं. गेल्या जूनमध्ये उन्हात दुपारची सुट्टी कधी घ्यायची यावरून त्या दुसऱ्या ग्रुपवर बरंच बोलणं झालं, आणि मग कोणीतरी लिहिलं की हे टाइप करून जमणार नाही, बसावं लागेल. संध्याकाळी सहा वाजता सगळे स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. आत प्लॅटफॉर्मवर बाकं रिकामी होती, पंखेही होते. मी विचारलं, तिथे का नाही बसलात? तो म्हणाला, "तिथं कॅमेरा आहे ना भाऊ."